चुकलेल्या सभासदाचे काय करावे?

अमरावती व अकोला परिसरातील आपल्या धर्मग्रामांत गायनमंडळे, महिला बचत गट, युवक संघ आपला कारभार स्वतःच चालवितात. सभासदच नियम करतात आणि सभासदच निवाडा देतात. म्हणूनच एखादा सभासद चुकला, की प्रश्न उभा राहतो : त्याला काढून टाकावे, की सुधारून परत घ्यावे?

काढून टाकण्याची रीत महाराष्ट्रात जुनी आहे. ‘वाळीत टाकणे’ हा शब्दच आपल्या भाषेत रुळला आहे. जातपंचायतीने ठरविले, की त्या घराशी बोलणे बंद, सोयरीक बंद, प्रसंगी अंत्यविधीलाही कोणी येत नाही. अपराध एकाचा, शिक्षा लेकराबाळांना. आणि त्या शिक्षेला मुदतही नाही. तत्कालीन मुंबई राज्याने १९४९ साली याविरुद्ध कायदा केला होता. धर्मसंप्रदायाला आपल्या सभासदांवर शिस्तीचा अधिकार आहे, असे म्हणून सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली तो बहुमताने रद्द ठरविला. पुढे महाराष्ट्राचा २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा ३ जुलै २०१७ रोजी अमलात आला. बहिष्कार टाकणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

दुसरी रीतही आपल्याकडे आहे. १५ ऑगस्ट २००७ रोजी राज्यात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. गावच्या समितीने दोन्ही पक्षांना समोरासमोर बसवावे, ऐकून घ्यावे व सामोपचाराने तंटा मिटवावा, हा तिचा गाभा होय.

ख्रिस्तसभेची शिकवण काय सांगते? मत्तयलिखित शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात प्रभू येशू पायऱ्या घालून देतो : प्रथम एकांतात समजावणे, मग दोघा-तिघांसमवेत, मग मंडळीसमोर. तरीही न ऐकल्यास त्याला परका व जकातदार समजावे. परंतु जकातदारांच्या पंक्तीला जेवला तो हाच प्रभू, हे विसरता कामा नये. ख्रिस्तसभेच्या कायद्यातही बहिष्कृती ही औषधासारखी शिक्षा मानली आहे. आधी ताकीद द्यावी, सुधारण्यास अवधी द्यावा. आणि अपराधी खरोखर पश्चात्ताप करून नुकसान भरून देत असेल, तर ती उठवावीच लागते. संत पौल करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात, शिक्षा झालेल्या बंधूला आता क्षमा करून धीर द्या, नाही तर तो दुःखात बुडेल, असे बजावतो.

हे व्यवहारात कसे आणावे? समजा, बचत गटातील एका बहिणीने गटाचे पैसे घरखर्चाला वापरले. प्रथम ज्यांचे पैसे गेले त्यांचे म्हणणे तिने बसून ऐकावे. मग तिने आपली चूक स्वतःच्या तोंडाने मान्य करावी. रक्कम किती हप्त्यांत फेडायची, हे सर्वांनी मिळून लिहून ठेवावे. तोवर हिशेबाची वही तिच्या हाती नसावी. परंतु बैठकीतील तिची जागा राहावी. फेड पूर्ण झाली, की विषय संपला. पुन्हा उकरून काढू नये. तिला हाकलले असते, तर पैसेही गेले असते आणि बहीणही.

मात्र समेट म्हणजे झाकाझाक नव्हे. ज्याला इजा झाली त्याच्यावर क्षमेची सक्ती करता येत नाही. मारहाण, स्त्रियांवरील अत्याचार असे गुन्हे बैठकीत मिटवायचे नसतात. बालकांवरील लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना देणे २०१२ च्या पोक्सो कायद्याने बंधनकारक आहे. अशा व्यक्तीला मुलांपासून दूर ठेवणे हा सूड नसून संरक्षण होय. ८ डिसेंबर २०२१ पासून लागू झालेल्या ख्रिस्तसभेच्या सुधारित दंडविधानात पोप फ्रान्सिस यांनीही हेच अधोरेखित केले : दया आणि न्याय यांची फारकत करता येत नाही.

तेव्हा आपल्या मंडळाची नियमावली काढून पाहावी. सभासदाला काढण्याचा नियम तीत बहुधा असेलच. त्याला परत घेण्याचा नियम आहे काय? नसेल, तर पुढच्याच बैठकीत तो लिहून घ्यावा, अशी आमची आपणांस नम्र विनंती आहे.