मुलांवर संस्कार नेमके होतात कसे? विनोबांच्या घरचा फणस आणि कामवाल्या मावशींचा कप

संध्याकाळचे सात वाजलेत. देवापुढे दिवा लागलाय. सहा वर्षांची मुलगी हात जोडून शुभंकरोती म्हणतेय. तेवढ्यात फोन वाजतो आणि बाबा हळूच सांगतात, "सांग, बाबा घरी नाहीत."

त्या संध्याकाळी मुलगी काय शिकली? शुभंकरोती, की खोटं बोलणं?

आज संस्कार वर्ग आहेत, श्लोकांचे व्हिडिओ आहेत. पाठांतरासाठी त्यांचा उपयोगही होतो. पण दया, प्रामाणिकपणा, कृतज्ञता ही मूल्यं पाठ करून अंगी येत नाहीत. ती घरातल्या रोजच्या व्यवहारात दिसावी लागतात.

विनोबांच्या घरी काय व्हायचं?

विनोबा भावेंचं बालपण आजच्या रायगड जिल्ह्यातल्या गागोदे गावात गेलं. घरच्या झाडाचा फणस उतरवला की आई रुक्मिणीबाई आधी शेजाऱ्यांचे वाटे काढायच्या. ते पोहोचवायला छोट्या विनोबांनाच पाठवायच्या. घरच्यांनी खायचं ते त्यानंतर. तुळशीला पाणी घातल्याशिवाय जेवायला बसायचं नाही, हाही त्यांचा नियम होता.

यात एक गोष्ट महत्त्वाची आहे. 'वाटून खावं' असं नुसतं सांगण्यावर आई थांबली नाही, वाटायचं काम तिने मुलाच्याच हातात दिलं.

याच आईने संस्कृत समजत नाही म्हणून सोप्या मराठीतल्या गीतेची इच्छा व्यक्त केली होती. १९१८ मध्ये त्या गेल्या. पुढे १९३२ साली विनोबांची 'गीताई' प्रसिद्ध झाली.

'श्यामची आई' काय सांगते?

साने गुरुजींनी हे पुस्तक १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. त्यातले धडे साध्या घरगुती प्रसंगांतून येतात. आंघोळ झाल्यावर श्याम हट्ट धरतो, ओल्या पायांना माती लागायला नको. आई दगडावर आपलं लुगडं पसरते, त्यावर पाय ठेवायला देते. आणि मग म्हणते की पायाला घाण लागू नये म्हणून जपतोस, तसंच मनालाही जप. आधी माया, मग एकच वाक्य. म्हणून ते श्यामच्या लक्षात राहतं.

मानसशास्त्र काय म्हणतं?

१९६१ मध्ये मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी अमेरिकेत लहान मुलांवर एक प्रयोग केला. काही मुलांसमोर एका मोठ्या व्यक्तीने बाहुल्याला मारहाण केली. नंतर त्यातल्या अनेक मुलांनी तेच केलं. त्यांना तसं करायला कोणीही सांगितलं नव्हतं. हा प्रयोग आक्रमकतेबद्दलचा होता. पण मुलं बघून शिकतात, हे त्यातून ठळकपणे समोर आलं.

मग घरी काय करता येईल?

वेगळा वेळ काढायची गरज नाही. रोजची कामंच पुरतात.

• जेवताना: ताटात हवं तेवढंच घ्यायचं. भाजी कुणी पिकवली, कुणी चिरली, हे बोलायचं.
• दिवेलागणीला: दहा मिनिटं सगळ्यांचे फोन बाजूला, मोठ्यांचेही. प्रार्थना करत नसाल तर नुसतं शांत बसलं तरी चालेल.
• वाटताना: डबा शेजारी द्यायचा असेल तर मुलाच्या हातून पाठवायचा.
• चुकल्यावर: विनाकारण ओरडलात तर मुलाची माफी मागायची. माफी मागणं मूल तिथेच शिकतं.

काय टाळायचं?

पहिली गोष्ट म्हणजे भीती. 'खोटं बोललास तर देव शिक्षा करेल' असं ऐकलेलं मूल बहुतेक वेळा खरं बोलायला नाही, पकडलं न जायला शिकतं.

दुसरी गोष्ट म्हणजे दुटप्पीपणा. सर्वांमध्ये देव आहे, असं आपण मुलांना सांगतो. पण कामवाल्या मावशींचा चहाचा कप अनेक घरांत आजही वेगळा असतो, ओट्याच्या कोपऱ्यात पालथा घातलेला. मूल तो कप रोज बघतं. कधीतरी विचारतं, "मावशींना आपल्या कपात चहा का नाही?"

त्यावर 'तुला नाही कळायचं' हे उत्तर मिळालं, तर सकाळचा श्लोक तिथेच संपतो. पण त्या दिवसापासून मावशींचा चहा सगळ्यांच्याच कपात ओतला गेला, तर वेगळं काही शिकवायची गरज राहत नाही.