खेळाचे गणित, लेखांक ७ : निसटत्या पराभवातील खेळी

मागील लेखांकात धावफलक कसा वाचावा, म्हणजे धावा, चेंडू, बळी आणि षटके या चार आकड्यांची परस्परांशी सांगड कशी घालावी, याचा विचार झाला. या लेखांकाचा विषय त्याच वाचनातील सर्वांत अवघड जागा हा आहे. संघ अगदी थोडक्यात हरलेला असतो आणि त्याच संघातील एका खेळाडूची कामगिरी मात्र उत्तम झालेली असते. अशा वेळी त्या कामगिरीचे मोल कसे ठरवावे, हा तो प्रश्न होय. संघ दणदणीत हरला तर एकट्याची खेळी बाजूला काढून तिचे कौतुक करणे सोपे असते. पराभव एकदोन धावांचा असला की ‘त्याने आणखी एक फटका मारला असता तर’ हा विचार आपोआप पुढे येतो, आणि ज्याने सर्वाधिक धावा केल्या त्याच्याच पदरात पराभवही टाकला जातो.

या प्रश्नासाठी अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याशी नाते असलेले एक उदाहरण हाताशी आहे. अजिंक्य रहाणे यांचा जन्म ६ जून १९८८ रोजी संगमनेर तालुक्यातील आश्वी खुर्द येथे झाला, त्यांचे मूळ गाव त्याच तालुक्यातील चंदनापुरी, आणि त्यांचे क्रिकेट मात्र डोंबिवलीत व मुंबईच्या मैदानांवर घडले. २००८-०९ च्या रणजी हंगामात त्यांनी मुंबईकडून एक हजाराहून अधिक धावा केल्या आणि त्या वर्षी मुंबईने करंडकही जिंकला, तरीही त्यांचे कसोटी पदार्पण मार्च २०१३ पर्यंत लांबले. मधल्या काळात, कसोटी संघाच्या उंबरठ्यावर असताना, २९ एप्रिल २०१२ रोजी दिल्लीच्या फिरोजशहा कोटला मैदानावर वीस षटकांच्या सामन्यात राजस्थान रॉयल्सकडून खेळताना त्यांनी ६३ चेंडूंत ८४ धावा केल्या आणि त्यांचा संघ १ धावेने हरला.

दिल्ली डेअरडेव्हिल्सने २० षटकांत ६ बाद १५२ धावा केल्या होत्या, म्हणजे राजस्थानला विजयासाठी १२० चेंडूंत १५३ धावा हव्या होत्या. राजस्थानचा डाव ३ बाद १५१ वर थांबला. येथे एक बारकावा ध्यानात ठेवला पाहिजे: ‘१ धावेने पराभव’ याचा अर्थ एक धाव कमी पडली असा नाही, कारण एक धाव वाढली असती तर सामना बरोबरीत सुटून निकाल सुपर ओव्हरवर, म्हणजे प्रत्येकी एका षटकाच्या जादा खेळावर गेला असता, आणि थेट विजयासाठी दोन धावा हव्या होत्या.

खेळाडूच्या वेगाचे नेहमीचे माप म्हणजे स्ट्राइक रेट, अर्थात दर १०० चेंडूंमागे केलेल्या धावा. ६३ चेंडूंत ८४ या हिशेबाने रहाणे यांचा स्ट्राइक रेट १३३ हून किंचित जास्त येतो. हा आकडा एकटा ठेवला तर तो बरा की वाईट हे सांगता येत नाही, कारण वीस षटकांच्या क्रिकेटमध्ये १३३ चा वेग एखाद्या दिवशी पुरेसा ठरतो, तर दोनशेच्या लक्ष्यासमोर अपुरा पडतो. म्हणून त्याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवावा लागतो, तो म्हणजे लक्ष्याने मागितलेला वेग. १२० चेंडूंत १५३ धावा म्हणजे दर १०० चेंडूंमागे १२७.५ धावा. या मापाने रहाणे यांच्या वाट्याला आलेल्या ६३ चेंडूंनी सुमारे ८० धावा मागितल्या होत्या आणि त्यांनी ८४ दिल्या, म्हणजे मागणीपेक्षा जवळजवळ चार धावा अधिक. उरलेल्या ५७ चेंडूंनी सुमारे ७३ धावा मागितल्या होत्या, आणि वाइड, बाय अशा अवांतर धावा धरूनही त्या चेंडूंवर ६७ च जमा झाल्या. एका बाजूची चार धावांची शिल्लक आणि दुसऱ्या बाजूची सहा धावांची तूट यांची वजाबाकी दोन येते, आणि संघ विजयापासून नेमक्या दोनच धावा दूर राहिला. हा हिशेब ढोबळ असला तरी दिशा स्पष्ट दाखवतो: त्या दिवशी रहाणे यांची खेळी संघाला लक्ष्याकडे ओढत होती.

तरीही हे गणित येथे थांबवणे न्यायाचे होणार नाही. धावांचा पाठलाग करणाऱ्या संघाजवळ दोन प्रकारचे भांडवल असते, शिल्लक चेंडू आणि शिल्लक गडी. पावसाने अडलेल्या सामन्यांचे लक्ष्य नव्याने ठरवण्यासाठी फ्रँक डकवर्थ आणि टोनी लुईस या इंग्लिश संख्याशास्त्रज्ञांनी मांडलेली, १९९७ पासून वापरात आलेली पद्धत याच कल्पनेवर उभी आहे: षटके आणि बळी मिळून संघाची साधनसंपत्ती ठरते, आणि डावाच्या अखेरीस यांपैकी काय संपले व काय शिल्लक राहिले यावरून डावाचा खरा ताळेबंद कळतो. कोटला मैदानावर राजस्थानचे केवळ तीन गडी बाद झाले होते. चेंडू संपले आणि सात गडी शिल्लक राहिले. हरलेल्या संघाजवळ एवढे भांडवल न वापरता उरते तेव्हा मधल्या षटकांत धोका पत्करण्यास वाव होता की काय, हा प्रश्न विचारावाच लागतो. तो प्रश्न मात्र साऱ्या डावाच्या नियोजनाला विचारायचा असतो. जो फलंदाज मागणीपेक्षा वेगाने धावा करीत होता, एकट्या त्याला नव्हे.

याच्या अगदी उलट टोकाचा पराभव भारतीय देशांतर्गत क्रिकेटमध्ये १९९१ च्या मे महिन्यात वानखेडे स्टेडियमवर घडला. रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात कपिल देव यांच्या हरियाणाने पहिल्या डावात ५२२ आणि दुसऱ्या डावात २४२ धावा केल्या, तर मुंबईचा पहिला डाव ४१० वर आटोपला. रणजीच्या नियमानुसार अंतिम सामना अनिर्णित राहिला तर पहिल्या डावात आघाडी घेणारा संघ करंडकाचा मानकरी ठरतो, आणि ११२ धावांची ती आघाडी हरियाणाजवळ होती. त्यामुळे सामना वाचवून मुंबईला काहीच मिळणार नव्हते. शेवटच्या दिवशी ३५५ धावांच्या लक्ष्यामागे धावणे हा एकच मार्ग उरला होता. सुरुवातीचे तीन गडी ३४ धावांत गेल्यावर दिलीप वेंगसरकर आणि सचिन तेंडुलकर यांनी डाव उभा केला, तेंडुलकर ९६ धावांवर बाद झाले, आणि नववा गडी गेला तेव्हा धावफलकावर ३०५ धावा होत्या. शेवटचे फलंदाज अॅबी कुरुविला यांना साथीला घेऊन वेंगसरकर यांनी आणखी ४७ धावा जोडल्या. कुरुविला धावबाद झाले तेव्हा मुंबईच्या ३५२ धावा झाल्या होत्या, वेंगसरकर १३९ धावांवर नाबाद होते, आणि हरियाणाने २ धावांनी आपला आजवरचा एकमेव रणजी करंडक जिंकला होता.

दोन्ही पराभव शेजारी ठेवले की ‘निसटता’ या एकाच शब्दात किती वेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात हे दिसते. कोटला मैदानावर चेंडू संपले आणि गडी उरले. वानखेडेवर दहावा गडी गेला आणि तेथेच सारे संपले. म्हणून दोन खेळींचे मापही वेगळे असले पाहिजे. पहिल्या प्रकारात फलंदाजाने प्रत्येक चेंडूचा किती उपयोग केला हे पाहावे लागते, आणि दुसऱ्या प्रकारात त्याने स्वतःचा गडी किती काळ राखला व साथीदाराला किती काळ राखू दिले हे मोलाचे ठरते. पन्नास धावा हव्या असताना अकराव्या क्रमांकाच्या फलंदाजाबरोबर ४७ धावा जोडणाऱ्या खेळाडूला उरलेल्या तीन धावांसाठी उणे ठरवणे म्हणजे हिशेबाची वही उलटी धरणे होय. वेंगसरकर त्या दिवशी मैदानावर रडले ही आठवण क्रिकेटप्रेमींनी जपली आहे. त्या अश्रूंइतकीच ती ४७ धावांची भागीदारीही जपण्यासारखी आहे.

रहाणे यांच्याच कारकिर्दीतील आणखी एका सामन्यावरून या मापाची मर्यादाही समजते. २०१२ नंतर बरोबर सहा वर्षांनी, २९ एप्रिल २०१८ रोजी, जयपूर येथे राजस्थानचे कर्णधार म्हणून ते सलामीला आले आणि ५३ चेंडूंत ६५ धावा करून नाबाद राहिले. सनरायझर्स हैदराबादच्या १५१ धावांसमोर राजस्थानला ६ बाद १४० पर्यंतच मजल मारता आली आणि ११ धावांनी पराभव झाला. १५२ च्या लक्ष्याने दर १०० चेंडूंमागे सुमारे १२७ धावा मागितल्या होत्या, आणि रहाणे यांचा वेग १२३ च्या आत राहिला. त्यांच्या ५३ चेंडूंवरची तूट सुमारे दोन धावांची, तर उरलेल्या ६७ चेंडूंवरची सुमारे दहा धावांची भरते. केवळ वजाबाकी पाहिली तर बहुतेक तूट दुसऱ्या बाजूची आहे. परंतु जो फलंदाज पहिल्या चेंडूपासून शेवटपर्यंत खेळपट्टीवर असतो, ज्याची नजर बसलेली असते आणि ज्याच्या मागे गडी शिल्लक असतात, त्याच्याकडून नव्याने आलेल्या साथीदारापेक्षा अधिक वेगाची अपेक्षा केली जाते आणि ती रास्तही आहे. म्हणून २०१२ ची खेळी निकालापेक्षा सरस होती असे निःशंकपणे म्हणता येते, तर २०१८ च्या खेळीबद्दल ‘टिकून राहिली, पण वेग वाढवू शकली नाही’ असे तोलून म्हणावे लागते. दोन्ही वेळा संघ हरला, दोन्ही वेळा त्याच खेळाडूने डाव उचलून धरला, तरी दोन्हींचे मोल सारखे नाही.

सरासरी वेगाचा हा हिशेब आणखी एक गोष्ट झाकून ठेवतो, ती म्हणजे धावा केव्हा झाल्या. समजा, १५३ च्या लक्ष्यासमोर पहिल्या ६० चेंडूंत ६० धावा झाल्या, तर उरलेल्या ६० चेंडूंत ९३ हव्या होतात आणि आवश्यक धावगती, म्हणजे दर षटकामागे लागणाऱ्या धावा, ७.६५ वरून ९.३ वर चढते. ही चढण कोणी निर्माण केली आणि ती कोणाला चढावी लागली, हे केवळ धावफलकावरून कळत नाही. त्यासाठी गुणलेखकाचे स्कोअरबुक उघडावे लागते. त्या वहीत प्रत्येक गोलंदाजापुढे षटकाचा एक चौकोन असतो, धाव न झालेल्या चेंडूसाठी त्यात टिंब पडते, बळीसाठी खूण होते आणि सहाही टिंबे पडली की ती जोडून निर्धाव षटकाचे इंग्रजी ‘एम’ अक्षर काढले जाते. हरलेल्या डावाची अशी वही शांतपणे चाळली तर शेवटच्या षटकातील चुकलेल्या एका फटक्यापेक्षा आठव्या ते चौदाव्या षटकांत शेजारी शेजारी पडलेली टिंबे अनेकदा अधिक बोलकी असतात, कारण मधल्या षटकांत न घेतलेली एकेरी धाव आणि अखेरची हुकलेली धाव यांचे मूल्य बेरजेत अगदी सारखे असते.

पराभव एका व्यक्तीच्या नावावर मांडण्याची सवय अमेरिकेतील बेसबॉलमध्ये तर नियमानेच रूढ झाली आहे. तेथे प्रत्येक सामन्याचा विजय आणि पराभव एकेका पिचरच्या, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या खेळाडूच्या खात्यावर लिहिला जातो, मग त्याच्या संघातील फलंदाजांनी त्याला साथ दिलेली असो वा नसो. २०१८ मध्ये न्यूयॉर्क मेट्सचे जेकब डीग्रॉम यांच्या खात्यावर १० विजय आणि ९ पराभव होते. क्षेत्ररक्षणातील चुकांमुळे झालेल्या धावा वगळता नऊ डावांमागे ते सरासरी केवळ १.७० धावा देत होते, आणि त्या वर्षी आपल्या लीगमधील सर्वोत्तम पिचरला मिळणारा साय यंग पुरस्कार त्यांनाच मिळाला. जेमतेम निम्म्याहून अधिक विजय असलेल्या खेळाडूला परीक्षकांनी पहिला क्रमांक दिला, याचा अर्थ त्यांनी निकाल आणि कामगिरी वेगळी करून वाचली. बेसबॉलच्या खालच्या स्तरावरील स्पर्धांत, ज्यांना मायनर लीग म्हणतात आणि जेथे मोठ्या संघांचे भावी खेळाडू घडवले जातात, ही दृष्टी आणखी आवश्यक असते, कारण तेथे सामना जिंकण्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, खेळाडूची वाढ हे उद्दिष्ट असते.

आपल्याकडे तेच काम जिल्हा आणि राज्य पातळीवरचे क्रिकेट करते. अहिल्यानगर जिल्हा महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनच्या क्षेत्रात येतो, आणि नगरच्या वाडिया पार्कवर किंवा तालुक्याच्या ठिकाणी खेळणाऱ्या मुलांची निवड पुढे व्हायची की नाही हे अशाच सामन्यांतील नोंदींवरून ठरते. श्रीरामपुरात जन्मलेले झहीर खान बडोद्याकडून खेळत असताना २००१ मध्ये रणजीच्या अंतिम सामन्यात रेल्वेविरुद्ध विजय मिळवून देणारे ठरले. परंतु तो सामनाही केवळ २१ धावांनी सुटला होता. त्या २१ धावा दुसऱ्या बाजूला झुकल्या असत्या तरी झहीर यांची गोलंदाजी तसूभरही कमी दर्जाची ठरली नसती, आणि निवड करणाऱ्याला हे ओळखता आले पाहिजे.

म्हणून थोडक्यात हरलेल्या सामन्यानंतर प्रशिक्षकाने, पालकाने आणि निवड समितीने तीन प्रश्न क्रमाने विचारावेत: संघाचे काय संपले, चेंडू की गडी, खेळाडूने आपल्या वाट्याच्या चेंडूंत मागणीपेक्षा अधिक दिले की कमी, आणि आवश्यक धावगती चढत गेली तेव्हा खेळपट्टीवर कोण होते. या तिन्ही प्रश्नांची उत्तरे स्कोअरबुकात असतात आणि ती शोधायला अर्धा तास पुरतो. चौदा वर्षांच्या मुलाने हरलेल्या सामन्यात केलेल्या चाळीस धावा त्या अर्ध्या तासाअभावी ‘हरवणारी खेळी’ म्हणून त्याच्या मनावर कोरल्या जाऊ नयेत, इतके ऋण मोठ्यांनी मान्य करायला हवे. कोटला मैदानावरचा निकाल एका ओळीचा आहे, १ धावेने पराभव. त्या ओळीच्या खाली ६३ चेंडूंचा एक आणि ५७ चेंडूंचा एक असे दोन वेगळे हिशेब आहेत, आणि खेळाडूचा न्याय त्या दोन हिशेबांतूनच होतो.

(पुढील लेखांकात : निर्धाव चेंडूची किंमत)