संगणकावरचं रेखाटन (भाग ८) : लांबी वाढवायची, उंची नाही

मागच्या भागात ‘स्केल’ ही कमांड पाहिली. बेस पॉइंट धरायचा, गुणक द्यायचा, की आकृती सगळीकडून सारखी वाढते किंवा घटते. पण आकृतीची फक्त लांबी दीडपट हवी आणि उंची आहे तेवढीच राहायला हवी, तर? ऑटोकॅडची ‘स्केल’ इथे उपयोगाची नाही. ती एकच गुणक घेते आणि तोच एक्स, वाय, झेड या तिन्ही दिशांना लावते.

प्रत्येक दिशेला वेगळा गुणक देता येतो तो ब्लॉकला, म्हणजे एकच वस्तू म्हणून एकत्र बांधलेल्या आकृतीला. आकृती निवडून कंट्रोल, शिफ्ट आणि सी दाबा, बेस पॉइंट दाखवा. मग कंट्रोल, शिफ्ट आणि व्ही दाबलं की तीच आकृती ब्लॉक होऊन चिकटते. नाव द्यायचीही गरज नाही. आता ब्लॉक निवडून कंट्रोल आणि १ दाबा. उघडलेल्या प्रॉपर्टीजच्या चौकटीत स्केल एक्स, स्केल वाय आणि स्केल झेड असे तीन रकाने दिसतील. एक्समध्ये १.५ लिहा, बाकीचे १ राहू द्या. काम झालं.

दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवाव्यात. ‘ब्लॉक’ कमांडने ब्लॉक बनवताना ‘स्केल युनिफॉर्मली’वर खूण केलेली असेल, तर तो वेगवेगळे गुणक घेणार नाही. शिवाय हे एक्स-वाय ब्लॉकचे स्वतःचे असतात. ब्लॉक ३० अंशांत फिरवलात तर ताणही त्याच तिरक्या दिशेने बसतो. म्हणून तिरकी आकृती आधी फिरवून सरळ करावी, ब्लॉक करून ताणावी आणि मग परत फिरवावी.

ब्लॉकलाच ही मुभा का? ऑटोकॅडमध्ये वर्तुळ म्हणजे एक केंद्र आणि एक त्रिज्या. आडवी त्रिज्या वेगळी आणि उभी वेगळी, अशी नोंद त्यात करताच येत नाही. ब्लॉकच्या व्याख्येत मूळ वर्तुळ तसंच असतं. गुणक त्या ब्लॉकच्या प्रत्येक प्रतीसोबत निराळे साठवलेले असतात आणि पडद्यावर ताणलेलं रूप दिसतं. ‘एक्सप्लोड’ करून ब्लॉक फोडल्यावर मात्र वर्तुळाची लंबवर्तुळं होतात, कमानींचे लंबवर्तुळाचे तुकडे होतात. १९९४च्या रिलीज १३पूर्वी असे असमान ताणलेले ब्लॉक फोडताच येत नसत. आजही ‘एक्स्प्लमोड’ या सिस्टीम व्हेरिएबलची किंमत ० केली तर ते फुटत नाहीत.

खरा धोका पुढे आहे. २३० मिलिमीटर जाडीच्या भिंतींची खोली एक्स दिशेने १.२ पट ताणली, तर खोली लांबते, पण उभ्या भिंतीही २७६ मिलिमीटर जाड होतात. आडव्या भिंती २३०च राहतात. त्याच आडव्या भिंतीतलं १००० मिलिमीटरचं दार १२०० होतं. मात्र उघडं दाखवलेलं फळकूट भिंतीला काटकोनात असल्यामुळे १०००च राहतं. म्हणजे कागदावर असं दार तयार होतं, जे लावलं तरी २०० मिलिमीटर उघडंच राहील. यंत्रभागाच्या चित्रात २० मिलिमीटरचं भोक लंबवर्तुळ झालं, तर ते कुठल्याच ड्रिलने पाडता येणार नाही.

अशा कामाला ‘स्ट्रेच’ ही कमांड आहे. उजवीकडून डावीकडे निवडीची खिडकी ओढून खोलीची एक बाजू पकडा, एफ८ने ऑर्थो चालू करा आणि हवं तेवढं अंतर द्या. खिडकीत पूर्ण सापडलेल्या वस्तू जशाच्या तशा सरकतात, खिडकीच्या कडेवर छेदल्या गेलेल्या रेषा तेवढ्या लांबतात. भिंतीची जाडी शाबूत राहते. दारं-खिडक्या निरनिराळ्या मापांत वारंवार लागत असतील, तर ऑटोकॅड २००६पासून आलेले, मापं बदलता येणारे डायनॅमिक ब्लॉक त्याहून सोयीचे.

मग असमान गुणक कुठे लावायचे? रस्त्याच्या एल-सेक्शनमध्ये, म्हणजे रस्त्याच्या लांबीच्या दिशेने घेतलेल्या उभ्या छेदात. आडवं प्रमाण १:१००० आणि उभं १:१०० धरलं की चढउतार दहापट ठळक होतात. ३०ला १ असा चढ ३ला १ दिसतो. ते खोटं नव्हे, वाचणाऱ्याची सोय आहे. फक्त दोन्ही प्रमाणं चित्राखाली लिहावीत आणि उंचीच्या डायमेन्शनसाठी वेगळी स्टाइल करून ‘डिमएलफॅक’ हा मोजलेल्या मापाला लागणारा गुणक ०.१ ठेवावा.

दुसरी जागा जुन्या नकाशांची. कागद तंतूंच्या दिशेपेक्षा आडवा जास्त आखडतो. स्कॅनवरून गिरवलेल्या नकाशात १००० मीटरचा चौकोन आडवा ९९५ आणि उभा ९८८ भरला, तर एक्सला १०००÷९९५ म्हणजे १.००५०३ आणि वायला १०००÷९८८ म्हणजे १.०१२१५ असे गुणक द्यावेत. इथे आपण आकृती बिघडवत नसतो, कागदाने बिघडवलेली सुधारत असतो. गुणक लावल्यावर एखादं माहीत असलेलं तिरकं अंतर मोजून पाहावं. तेही जुळलं तरच नकाशा वापरायला घ्यावा.

तेव्हा नियम सोपा ठेवा. चित्र डोळ्यांना दाखवायचं असेल किंवा बिघडलेलं माप सुधारायचं असेल, तर असमान गुणक वापरा. त्या चित्रावरून काही बांधायचं किंवा घडवायचं असेल, तर ‘स्ट्रेच’ वापरा. पुढच्या भागात डायनॅमिक ब्लॉकचं दार स्वतः तयार करू.