स्वस्त फेरारीची किंमत

इटलींतील मोडेना शहराजवळ मारानेलो नांवाचें एक लहानसें गांव आहे. एंझो फेरारी या गृहस्थानें दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमींत आपला कारखाना तेथें हलविला, आणि १९४७ सालीं त्याच्या स्वतःच्या नांवाची पहिली मोटार त्या कारखान्याच्या फाटकांतून बाहेर पडली. तेव्हांपासून मारानेलोची मोटार म्हणजे श्रीमंतांची चैन असें समीकरणच होऊन बसलें आहे, आणि नव्या गाडीपुरतें तें अगदीं खरें आहे. परंतु तीच गाडी तीस-चाळीस वर्षांची झाली, तिच्यामागून तिच्याहून वेगवान अशा तीन-चार पिढ्या येऊन गेल्या, म्हणजे तिच्यांतील कांहीं प्रकार चांगल्या पगारदार माणसाच्या आटोक्यांत येतात. भारतांत वापरलेल्या परदेशी मोटारी आणण्यावर कडक निर्बंध असल्यामुळें हा बाजार मुख्यतः इंग्लंड, युरोप व अमेरिका येथें भरतो. तिकडे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतही एकादा असा हौशी गृहस्थ आढळतो, कीं ज्यानें विद्यार्थिदशेंत भिंतीवर तांबड्या फेरारीचें चित्र लावलेलें असतें आणि पन्नाशीच्या सुमारास ज्याच्या हातांत प्रथमच थोडा मोकळा पैसा येतो. हा पैसा बहुधा मुलांचीं शिक्षणें आटोपल्यावर उरलेला असतो व पुन्हां लवकर सांचण्यासारखा नसतो. त्यामुळें त्याची गांठ कोणत्या गाडीशीं पडते हा प्रश्न केवळ हौसेचा राहत नाहीं.

या व्यवहारांतील मूळ गोम अशी आहे कीं, काळ लोटला म्हणजे गाडीची किंमत उतरते, परंतु ती बाळगण्याचा खर्च उतरत नाहीं. जी मोटार एकाद्या धनिकाला परवडेल अशा बेतानें बांधली गेली, तिचे सुटे भाग तिसऱ्या-चौथ्या मालकालाही त्याच बेताच्या दरानें घ्यावे लागतात. आणि तिला हात लावणारा जाणता कारागीर आपली मजुरी गाडीच्या आजच्या किमतीकडे पाहून आकारीत नाहीं. जाहिरातींतील आंकडा हा म्हणून खर्चाचा पहिला हप्ता होय. पुढील हप्ते किती व केव्हां पडतील, हें मुख्यतः एका रबरी पट्ट्यावरून कळतें.

एंजिनाच्या प्रत्येक नळकांड्यांत एक दट्ट्या खालीं-वर होत असतो. नळकांड्याच्या माथ्यावर झडपा असतात. त्यांतील कांहीं पेट्रोल व हवा यांचें मिश्रण आंत घेतात, कांहीं जळलेला वायु बाहेर सोडतात. दट्ट्या वर येण्याची वेळ व झडपा मिटण्याची वेळ यांचा मेळ काटेकोर राखावा लागतो. झडपा उघडणारा दांडा म्हणजे कॅमशाफ्ट. त्याला एंजिनाच्या मुख्य दांड्याशीं जोडून ठेवण्याचें काम दांतेरी रबरी पट्ट्याकडे असतें. हा पट्टा तुटला, अगर त्याचे चार-दोन दांते घसरले, तर उघडी राहिलेली झडप वर येणाऱ्या दट्ट्याच्या वाटेंत सांपडते आणि क्षणार्धांत वांकते. मग एंजिन पूर्ण उकलण्यावांचून गत्यंतर नसतें, आणि तो खर्च स्वस्तांत घेतलेल्या गाडीच्या किमतीशीं स्पर्धा करूं लागतो. रबर वयानें कडक होतें, तें गाडी चालो अगर न चालो. यासाठीं हा पट्टा तीन ते पांच वर्षांच्या आंत बदलावा, असा सामान्य प्रघात आहे.

पट्टा स्वतः फारसा महाग नसतो. महाग पडतें तें त्याच्यापर्यंत पोंचणें. १९७५ सालीं पॅरिसच्या प्रदर्शनांत आलेली ३०८ जीटीबी आणि १९८५ मधील तिची सुधारलेली आवृत्ति ३२८ यांत आठ नळकांड्यांचें एंजिन चालकाच्या पाठीमागें आडवें बसविलेलें आहे. मागील चाक काढून कमानींतून कारागिराला पट्ट्यांपर्यंत हात घालतां येतो. एंजिन जागेवरच राहतें. १९८९ सालच्या ३४८ मध्यें मात्र एंजिन गाडीच्या लांबीच्या दिशेनें फिरविण्यांत आलें. त्याचें तोंड चालकाच्या पाठीमागील भिंतीला भिडलें व पट्टा त्या फटींत जाऊन बसला. परिणाम असा झाला कीं, एक पट्टा बदलावयाचा तर संपूर्ण एंजिन गिअरबॉक्ससह गाडींतून उतरवावें लागतें. १९९४ ची एफ३५५ या बाबतींत ३४८ चीच धाकटी बहीण आहे. बारा नळकांड्यांच्या, १९८४ सालीं निघालेल्या टेस्टारोसाचीही तीच तऱ्हा. पुढें कारखान्याला शहाणपण सुचलें असें म्हणावें लागतें. १९९९ च्या ३६० मोडेनामध्यें आसनांमागील झांकण काढून पट्टा गांठतां येतो, आणि २००४ च्या एफ४३० मध्यें तर पट्टा जाऊन त्याच्या ठिकाणीं साखळी आली.

यावरून गिऱ्हाइकाला एक साधा हिशेब करतां येईल. ३४८ आणि ३२८ एकाच किमतीला समोर उभ्या असतील, तर त्या एकाच किमतीच्या नाहींत. आणि ज्या ३४८ चा पट्टा आठ वर्षांपूर्वीं बदलला होता, ती दुकानदारानें कितीही चकचकीत पुसून ठेवली तरी तिच्या किमतींत एंजिन उतरविण्याचा खर्च मिळवूनच ती महाग कीं स्वस्त हें ठरवावें.

एफ३५५ विषयीं थोडें अधिक सांगणें अवश्य आहे, कारण हौशी माणसाचें मन बहुधा तिच्यावरच बसतें. तिचें रूप देखणें आहे, आणि मिनिटाला आठ हजारांवर फेरे घेणाऱ्या तिच्या एंजिनाचा आवाज एकदां ऐकलेला माणूस सहसा विसरत नाहीं. प्रत्येक नळकांड्याला पांच याप्रमाणें तिला चाळीस झडपा आहेत. झडपेची दांडी ज्या लहानशा नळींतून सरकते, ती नळी पहिल्या वर्षांच्या गाड्यांत मऊ काशाची होती व ती लवकर झिजते. नळी झिजली कीं तेल नळकांड्यांत उतरतें, निळसर धूर दिसूं लागतो आणि झडप नीट बसेनाशी होते. पुढील गाड्यांत कारखान्यानें अधिक टिकाऊ धातु वापरला. दुसरें दुखणें म्हणजे एंजिनांतून जळका वायु बाहेर नेणाऱ्या पातळ नळ्या. त्या उष्णतेनें तडकतात, आणि वरून आवरण असल्यामुळें तडा दिसत नाहीं. हीं दोन्ही कामें पूर्वींच्या मालकानें केलेलीं असतील व त्यांच्या पावत्या असतील, तर त्या गाडीला चार पैसे अधिक देण्यांत कांहींच नुकसान नाहीं.

ज्याला आसनें चार हवीं आहेत त्याच्यासाठीं १९८० सालीं निघालेली मोंदियाल ही गाडी आहे. रूपानें ती ३०८ इतकी डौलदार नाहीं आणि पहिल्या मोंदियालचें एंजिन तिच्या वजनाच्या मानानें दुबळें होतें; त्यामुळें तिचा लौकिक कधींच मोठा झाला नाहीं व ती फेरारींतील स्वस्त म्हणून राहिली. परंतु लौकिक आणि योग्यता या दोन भिन्न गोष्टी आहेत. १९८५ नंतरची ३.२ लिटर एंजिनाची मोंदियाल ही समजूतदार माणसाची निवड होय: तिचें एंजिन आडवें आहे व पट्टे जागेवरच बदलतां येतात. १९८९ च्या मोंदियाल टी या प्रकारांत एंजिन फिरविलें गेलें, आणि तेथें पुन्हां ३४८ चाच हिशेब लागू होतो.

गिऱ्हाइकाची सर्वांत मोठी फसगत मात्र लबाडीनें होत नाहीं, ती एका भाबड्या समजुतीनें होते. कमी मैल चाललेली गाडी तितकी चांगली, अशी ती समजूत. रोजच्या वापराच्या मोटारीस ती बरीचशी लागू पडते; या गाड्यांना ती उलट बाधते. वर्षानुवर्षें चादरीखालीं उभ्या असलेल्या गाडींत रबरी बंधनें सुकतात, पेट्रोल नासून नळ्यांत चिकटा धरतो, ब्रेकचें तेल हवेंतील ओल शोषून घेतें, आणि पट्टा एकाच वळणांत ताठरतो. अशी गाडी रस्त्यावर आणली कीं एकामागून एक दुखणीं वर येतात. दरवर्षीं दोन-तीन हजार मैल चाललेली, दर वर्षीं तेल बदललेली आणि साठ हजार मैलांचा आंकडा न लपविणारी गाडी तिच्याहून पुष्कळ बरी. टायरवरूनही मालकाची वृत्ति कळते. टायरच्या कडेवर शेवटचे चार आंकडे छापलेले असतात. २३१९ याचा अर्थ २०१९ सालचा तेविसावा आठवडा. टायरचीं नक्षीची खांचणी पुरी असून आंकडा पंधरा वर्षांपूर्वींचा असेल, तर ती गाडी चालली नाहीं, नुसती ठेवली गेली, असें समजावें.

गाडी पाहावयास जाण्यापूर्वीं एंजिन गरम करून ठेवूं नये, असें विक्रेत्यास कळवावें. आणि पोंचल्यावर एंजिनावर हात ठेवून तें थंड आहे याची खात्री करावी. थंड एंजिन सुरू होतांना जो धूर व जो खडखडाट होतो, तो गरम एंजिन लपवितें. ३०८ व ३२८ यांचा गिअर थंड असतांना दुसऱ्यावर जाण्यास कुरकुर करतो. तेल तापेपर्यंत अनेक मालक पहिल्यावरून थेट तिसऱ्यावरच जातात. हा त्या गाड्यांचा स्वभाव आहे, दोष नव्हे. परंतु दहा-बारा मैल चालल्यावरही दुसरा गिअर हट्ट सोडीत नसेल, तर गिअरबॉक्सचें काम पुढें उभें आहे. पोलादी अंगाच्या ३०८ मध्यें दारांच्या खालच्या कडा आणि चाकांच्या कमानी बोटानें चांचपाव्या. गंज तेथें प्रथम धरतो. १९७७ पर्यंतच्या आरंभींच्या गाड्यांचें अंग फायबरग्लासचें असल्यामुळें त्यांना ही भीति कमी, पण त्या दुर्मिळ असल्यामुळें महाग झाल्या आहेत. नव्वदीनंतरच्या गाड्यांत आंतील बटणांवरचा लेप वयानें चिकट होतो. तो खर्च लहान आहे, त्यासाठीं सौदा मोडूं नये.

यापलीकडील परीक्षा स्वतः करण्याच्या भरीस पडूं नये. याच गाड्यांवर काम करणारा, परंतु विक्रेत्याशीं संबंध नसलेला, कारागीर फी देऊन नेमावा. तो प्रत्येक नळकांड्यांत दाबाची हवा सोडून ती किती गळते हें मोजतो, आणि कोठून गळते हें कान देऊन ऐकतो. तेलाच्या तोंडाशीं सूं सूं ऐकूं आलें तर दट्ट्यांच्या कड्या झिजल्या आहेत. धुराच्या नळीशीं आलें तर बाहेरची झडप बसत नाहीं. रेडिएटरच्या पाण्यांत बुडबुडे उठले तर माथ्याखालील गॅस्केट फुटलें आहे. आठांपैकीं सात नळकांडीं सारखीं आणि एक वेगळें, असा निकाल आला तर विक्रेत्याचें स्पष्टीकरण ऐकत बसण्याचें कारण नाहीं. या परीक्षेस जो विक्रेता नकार देतो, त्यानें आपल्या परीनें उत्तर दिलेलेंच असतें.

नंतर कागद. पट्टा केव्हां, किती मैलांवर व कोणी बदलला, याची पावती पाहिजे. वहींतील नुसता शिक्का पुरेसा नव्हे. इंग्लंडमध्यें मोटारीच्या वार्षिक तपासणीच्या वेळीं मैलांचा आंकडा नोंदला जातो, आणि २००५ पासूनच्या त्या नोंदी सरकारी संकेतस्थळावर गाडीचा क्रमांक देऊन कोणासही विनामूल्य पाहतां येतात. पावत्यांतील आंकडे व त्या नोंदींतील आंकडे एकाखालीं एक मांडले असतां जी गोष्ट विक्रेत्याच्या तोंडून निघत नाहीं ती बाहेर पडते. चाळीस वर्षांवरील गाड्यांना ही तपासणी तेथें सक्तीची नाहीं, तेव्हां जुन्या ३०८ च्या बाबतींत पावत्यांवरच विसंबावें लागतें.

बेताच्या पैशाच्या माणसानें जवळ असलेली सर्व रक्कम गाडीच्या किमतींत घालूं नये. तिचा चौथा हिस्सा तरी पहिल्या वर्षासाठीं वेगळा ठेवावा आणि उरलेल्या तीन हिश्शांत बसेल तीच गाडी पाहावी. मग ती ३५५ नसून मोंदियाल ठरली तरी चालेल. चौथा हिस्सा वर्षअखेर शिल्लक राहिला तर तो पुढील पट्ट्याच्या कामीं येतो.

चांगली गाडी विकणारा मालक एका खुणेनें ओळखूं येतो: गिऱ्हाईक जितके प्रश्न विचारतें त्याहून अधिक तोच विचारतो. गाडी कोठें ठेवणार, पावसांत नेणार काय, काम कोणाकडे देणार, असें तो खोदून खोदून पाहतो, आणि किमतींत मात्र फारसा हलत नाहीं. अशा मालकाशीं घासाघीस बेतानेंच करावी. त्याच्याकडून पावत्यांची फाइल, दोन्ही किल्ल्या आणि हत्यारांची मूळ पिशवी मागून घ्यावी. ती पिशवी हरवली असल्यास स्वतंत्रपणें मिळविण्यास बरेच पैसे मोजावे लागतात, तेव्हां ती सामानांत आहे किंवा नाहीं हें रक्कम देण्यापूर्वींच उघडून पाहावें.