जुनं दुखणं आणि मोबाईलवरचे धडे

सोलापुरात विडी कामगारांची मजुरी हजार विड्यांवर ठरते. मांडीवर सूप घेऊन, मान खाली घालून दिवसभर विड्या वळणाऱ्या बाईला मान-खांदे-कंबर दुखण्याचं नवल उरत नाही. दवाखान्यात जायचं तर मजुरी बुडते, म्हणून मेडिकलमधली गोळी घेऊन काम चालू राहतं. घरबसल्या दुखणं सांभाळायला शिकवणारे ऑनलाइन कार्यक्रम खरं तर अशांसाठीच. पण त्यांच्याविषयी गैरसमज पुष्कळ.

'डॉक्टर समोर नाही, नुसते धडे पाहून काय होणार?' ऑस्ट्रेलियातल्या मॅक्वारी विद्यापीठाने अशाच एका ऑनलाइन कार्यक्रमाची ४९० जणांवर घेतलेली चाचणी २०१५ साली प्रसिद्ध झाली. काहींना तज्ज्ञ नियमित फोन-ईमेल करत, काहींना गरज पडली तरच, काहींना अजिबात नाही. तिन्ही गट जवळजवळ सारखेच सुधारले. मात्र वेदना सरासरी १२ टक्क्यांच्या आसपासच घटली. रोजच्या कामातली अडचण, चिंता आणि नैराश्य त्याहून जास्त कमी झालं. दुखणं मुळापासून जाईल ही आशा म्हणूनच चुकीची. त्याच्यासह जगणं सोपं होतं, आणि माझ्या मते ही मिळकत लहान नाही.

'पडून राहिलं की बरं वाटेल' हे ताज्या दुखापतीला फार तर थोडा काळ ठीक. तीन महिन्यांहून जुन्या दुखण्यात मूळ जखम भरली तरी मज्जासंस्था इशारे देतच राहू शकते. पडून राहिल्याने स्नायू मात्र दुबळे होतात. या कार्यक्रमांतला सर्वांत मोलाचा धडा इथेच आहे: दुखण्याआधी थांबा. दोनशे विड्यांनंतर मान भरून येत असेल, तर दीडशेलाच सूप खाली ठेवायचं, उठायचं, खांदे फिरवायचे, चार पावलं चालायचं. बरं वाटलं म्हणून एका दिवसात दुप्पट काम उरकायचं आणि पुढचे दोन दिवस झोपून काढायचे, हे चक्र अशानेच तुटतं. विड्यांच्या संख्येवर मजुरी असताना मधेच उठणं किती अवघड आहे, हे कोणताही कार्यक्रम सोडवत नाही.

श्वासाचे, मन शांत करण्याचे व्यायाम शिकवतात म्हणून दुखणं मनाचा खेळ ठरत नाही. भीती आणि अपुरी झोप वेदना वाढवतात, वेदना खरीच असते.

ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सेवेवर डॉक्टरांचा सल्ला मिळतो. ती सोय वेगळी, हे धडे वेगळे. धडे सुरू करण्याआधी एकदा डॉक्टरांकडून तपासणी हवीच. पायातली ताकद जाणं, लघवी-शौचावरचा ताबा सुटणं, तापासोबत पाठदुखी किंवा छातीत दुखणं असेल, तर मोबाईल बाजूला ठेवून तातडीने रुग्णालय गाठा.