तीन वर्षांचे रविवार
१४७५७३९५२५८९६७६४१२९२७. दोनचा ६७ वा घात, वजा एक. ही मूळ संख्या आहे, असे फ्रेंच धर्मगुरू मर्सेन यांनी १६४४ मध्ये सांगून टाकले. १८७६ मध्ये ल्युका यांनी ती मूळ नसल्याचे सिद्ध केले. पण तिचे अवयव कोणते, ते कळेना. १९०३ मध्ये न्यूयॉर्कच्या सभेत फ्रँक कोल यांनी अवाक्षर न काढता फळ्यावर १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७ यांचा गुणाकार केला, असे सांगतात. उत्तर तेच! तीन वर्षांचे रविवार लागले म्हणे. गुणणे सोपे, अवयव शोधणे महाकठीण. नेमक्या याच अडचणीवर १९७७ मध्ये आरएसए ही सांकेतिक कुलूपपद्धत उभी राहिली. आमच्या बँकेच्या तिजोरीला दोन किल्ल्या लागत. इथे दोन मूळ संख्या. कोल यांना मात्र कुठल्याच तिजोरीची आस नव्हती.