जीवाणू मेले की डाईंग बंद

जालन्याच्या कापडबाजारात आपण जो माल विकतो, त्याचा बराच भाग इचलकरंजी, मालेगाव, भिवंडी नाहीतर तिरुपूरकडून रंगून येतो. तिकडे डाईंग अडले की इकडे माल अडतो आणि भाव चढतो. २०११ च्या जानेवारीत मद्रास उच्च न्यायालयाने तिरुपूरची डाईंग व ब्लीचिंग युनिटे बंद करण्याचा आदेश दिला. नोय्यल नदीत जाणारे रंगीत, खारे पाणी हे त्याचे कारण होते. शेकडो युनिटांना टाळे लागले. इचलकरंजीच्या कारखानदारांवरही पंचगंगेच्या प्रदूषणावरून मुंबई उच्च न्यायालयापर्यंत खटले झाले आहेत. तेव्हा सांडपाण्याचे हौद कसे चालतात आणि का बिघडतात, हे कापडाच्या व्यापाऱ्यालाही ठाऊक असलेले बरे.

या हौदातले खरे काम यंत्र करीत नाही, डोळ्यांना न दिसणारे जीवाणू करतात. पाण्यातली सेंद्रिय घाण हे त्यांचे अन्न. हौदात खालून हवा सोडतात, जीवाणू घाण खातात, वाढतात आणि त्यांचे पुंजके गाळ होऊन तळाशी बसतात. वरचे निवळ पाणी सोडून देतात, गाळाचा काही भाग पुन्हा हौदात घेतात. ही युक्ती आर्डर्न आणि लॉकेट या दोघांनी १९१४ साली जगापुढे मांडली, तीही मँचेस्टरमध्ये. इचलकरंजीला महाराष्ट्राचे मँचेस्टर म्हणतात. आपण गिरण्यांची आणि मागांची नक्कल तेवढी केली, गाळाची विद्या मागे राहिली.

जीवाणूंची वसाहत म्हणजे पाळलेले जनावरच समजा. त्याला वेळेवर, बेताचा आणि समतोल चारा लागतो. बीओडीच्या १०० भागांना नायट्रोजनचे ५ आणि फॉस्फरसचा १ भाग असा हिशेब धरतात. कापडाच्या पाण्यात हे दोन्ही कमी असतात, म्हणून केंद्रावर युरिया आणि डीएपी टाकतात. (आपला शेतकरी गिऱ्हाईक हे ऐकून हसेल.) पाण्याचा सामू साधारण साडेसहा ते साडेआठ असावा, विरघळलेला प्राणवायू लिटरमागे २ मिलिग्रॅमच्या आसपास असावा.

आता कापडाचे पाणी पाहा. सायझिंगची खळ काढताना जे पाणी निघते, त्यात स्टार्च भरपूर. सुती कापडाच्या प्रक्रियेतल्या एकूण बीओडीचा निम्म्याच्या आसपास भाग एवढ्या एका कामातून येतो. स्टार्च विष नाही, उलट खाद्य आहे. पण एकदम फार आले की जीवाणू हौदातला प्राणवायू संपवून टाकतात आणि मग स्वतःच गुदमरतात. अशा वेळी दोऱ्यासारखे वाढणारे जीवाणू माजतात, गाळ फुगतो आणि तळाशी बसेनासा होतो. जुम्म्याच्या सुट्टीला काम बंद, दुसऱ्या दिवशी सगळे हौद एकदम रिकामे, असे झाले की उपाशी जनावरापुढे पोते उलटे केल्यासारखे होते.

ब्लीचिंगचे पाणी वेगळ्या तऱ्हेने मारते. ब्लीच जंतूही मारते; ते आपला जंतू, परका जंतू ओळखत नाही. मर्सराइझिंगचा कॉस्टिक सामू १२ च्या वर नेतो. जुने रंगारी पक्क्या रंगासाठी मोरचूद वापरीत. त्यातले तांबे, तसेच क्रोम, हे धातू थोडे असले तरी जीवाणूंच्या पचनाचे काम बंद पाडतात. अमोनिया पचवणारे जीवाणू तर फारच नाजूक आणि सावकाश वाढणारे. एका रात्रीच्या विषाने ते गेले, तर हौद पुन्हा सुरळीत व्हायला आठवडे लागतात. तेवढे दिवस केंद्रातून बाहेर जाते ते घाण पाणीच. नमुना नेमका तेव्हाच घेतला गेला तर दोष सगळ्या वसाहतीवर येतो, ब्लीच ओतणारा मात्र एकच असतो.

मिठाचे दुखणे आणखी कठीण. रिअॅक्टिव्ह रंग सुतावर चढवायला लिटरमागे ३० ते ८० ग्रॅमपर्यंत मीठ लागते. लोणचे ज्या कारणाने टिकते, त्याच कारणाने जीवाणू मरतात. मीठ त्यांच्या अंगातले पाणी ओढून घेते. हळूहळू सवय लावली तर काही जीवाणू तग धरतात, पण मीठ खात कोणीच नाही. ते आले तसेच नदीत जाते. म्हणूनच तिरुपूरला नुसते जीवाणूंचे हौद पुरले नाहीत. पाणी पडद्यातून गाळणे आणि उरलेले आटवून मीठ काढणे, असा महागडा मार्ग धरावा लागला. आज तिकडच्या बनियनच्या दरात हा खर्च धरलेला असतो.

रंगांपैकी अझो रंग हवेच्या हौदात सहसा तुटत नाहीत. हवा नसलेल्या हौदात तुटतात, पण तुटल्यावर अमाइन नावाचे पदार्थ उरतात, त्यातले काही कर्करोग करणारे आहेत. जर्मनीने १९९४ मध्ये अशा रंगांवर निर्बंध आणले, भारतात १९९७ मध्ये ७० अझो रंगांवर बंदी आली. बिनबिलाचा स्वस्त रंग घेणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवावे.

हे सगळे परगावचे म्हणून सोडता येणार नाही. कुंडलिका जालना शहरातून वाहते आणि गटारे तिलाच मिळतात. नदी स्वतःला साफ करते तीही याच जीवाणूंच्या बळावर. आपल्यातले मुलामा देणारे, बॅटरीवाले, गॅरेजवाले कारागीर जे तेजाब आणि धातूचे पाणी नालीत सोडतात, ते त्यांनाच मारते. २०१२-१३ च्या दुष्काळात टँकरमागे धावलेल्या शहराला हे परवडणारे नाही. पाण्याच्या घाटावर आणि वाटेवर घाण करू नये, ही ताकीद तर हदीसमध्येच आहे.

उपाय फार खर्चाचे नाहीत. दिवसभराचे सर्व पाणी आधी एका मोठ्या हौदात एकत्र करून थोडे थोडे पुढे सोडावे. आम्ल आणि कॉस्टिक तिथेच एकमेकांना बरेचसे मारतात. ब्लीचचे पाणी सोडण्यापूर्वी त्यात हायपो घालावा. क्रोमचे पाणी आम्ल असतानाच त्यात हिराकस टाकावा, मग चुन्याने धातू खाली बसवावा. तो गाळ नालीत न टाकता घातक कचरा म्हणून वेगळा द्यावा. आणि आपण व्यापाऱ्यांनी नव्या प्रोसेस हाऊसला माल देताना मीटरचा दर विचारतो, तसेच प्रदूषण नियंत्रण मंडळाचे संमतीपत्र कोणत्या तारखेपर्यंतचे आहे, तेही विचारावे. दर दोन रुपयांनी कमी आणि संमतीपत्र नाही, अशा ठिकाणी सणाच्या तोंडावर आपला माल अडकू शकतो.